नळीतला झेंडू

माझ्या तळहातांना घाम येतो. शाळेत तोंडी परीक्षेच्या वेळी वहीच्या पानावर माझा पंजा ओला उमटायचा. कुणी हात मिळवायला पुढे आलं की मी हातात पेन, फाईल, काहीतरी धरून ठेवते. ही गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. ती पहिल्यांदा ओळखली सदाशिव पेठेतल्या, बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी, आणि माझा हात न बघता ओळखली. त्यांच्यासमोर टेबलावर आमच्या घरची बंदूक होती. त्या फक्त तिच्याकडे बघत होत्या.

आमचं घर मांजरीला. ऊस होता. आता त्यातल्या बऱ्याच जमिनीवर लिफ्टवाल्या इमारती आहेत आणि उरलेल्या तुकड्यात अजून ऊसच आहे. बंदूक आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. बारा बोरची दुनळी, दोन नळ्या शेजारीशेजारी. उसात रानडुकरं शिरायची त्या काळात पीक राखायला म्हणून परवाना मिळालेला. आता डुकरं नाहीत, आणि मला कळायला लागल्यापासून ती बंदूक वाजलेली मी ऐकलेली नाही. तरी आबा ती दर अमावास्येला साफ करत. अमावास्येला औत धरायचं नाही अशी आमच्याकडे रीत होती. बैल गेले, औत गेलं, पण तो रिकामा दिवस राहिला आणि तो बंदुकीला मिळाला.

ओट्यावर पोतं अंथरून ते बसायचे. बंदूक मधून मोडायची, म्हणजे बिजागरीवर उघडायची, आणि दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना हे करंगळी घालून बघायचं. काडतुसं आतल्या खोलीत कुलपात असायची, हे त्यांना माहीत असायचं. तरी करंगळी घालायचीच. मग लाकडी गज, त्याच्या टोकाला फ्लॅनेलची चिंधी, मग तेल. तेल लावून झालं की ते जवळजवळ सगळं पुसून काढायचे. लावायचं आणि पुसायचं, हे मला फार निरर्थक वाटायचं. आणखी एक गोष्ट मला कळायची नाही. ते नळीला कधीच उघडा हात लावत नसत. लाकडी दस्ता हाताने धरत, पण नळीला हात लावायची वेळ आली की उपरण्याचं टोक मध्ये घेत. मी ते खिडकीच्या जाळीमागून बघायचे. देवाच्या मूर्तीला सोवळ्यात हात लावतात तसा तो मान असावा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं कधी नाही. मी इंग्लिश मीडियमची, अभ्यासू, घरात कमी बोलणारी. बंदुकीबद्दल मी काही विचारावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती.

त्या वर्षी नवरात्रात आबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा महिन्याभराने करायचा होता. वाकायचं नाही, धूळ नको, वजन उचलायचं नाही. खंडेनवमीला आमच्याकडे कोयते, विळे, ट्रॅक्टरची चावी आणि बंदूक यांची पूजा असते. आई आबांना घेऊन तपासणीला गेली होती. काका निवडणुकीच्या गडबडीत होते, उमेदवार त्यांचा मित्र होता. त्यांनी कपाटातून बंदूक काढली, उघडून रिकामी असल्याचं बघितलं, पाटावर ठेवली आणि म्हणाले, "तेवढी पूजा तू उरकून घे. मी हितंच भायेर हाय."

मी पहिल्यांदाच तिला हात लावला. इतकी थंड असेल असं वाटलं नव्हतं. पाटावरून घसरू नये म्हणून मी नळीवर पूर्ण पंजा दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने कुंकू लावलं. कोरडं कुंकू टिकेना म्हणून ते पाण्यात कालवलं. मग मागे सरून बघितलं तर पाटावर सगळं छान दिसत होतं, फक्त नळ्यांची दोन काळी तोंडं तेवढी उघडी होती. मी प्रत्येकीत एकेक झेंडूचं फूल बसवलं. देठ आत, फूल बाहेर. फोटो काढला. मैत्रिणींना पाठवला. त्यांनी हृदयं पाठवली.

दुसऱ्या दिवशी चौकीतून निरोप आला की निवडणूक होईपर्यंत परवान्याची हत्यारं जमा करायची आहेत. हे दर निवडणुकीत होतं. आबा एरवी आदल्या दिवसापासून तयारी करायचे, पुसायचे, तेल द्यायचे, सुती कापडात गुंडाळायचे. या वेळी काकांनी फुलं ओढून काढली, बंदूक रेक्झिनच्या नव्या कव्हरात सरकवली आणि पावती घेऊन आले. पावती आबांच्या उशाखाली ठेवली. मी पेठेत परतले, क्लाससाठी तिथे खोली घेतली होती.

बंदूक परत मिळायला दोन महिने लागले. त्या रविवारी मी घरी होते. काकांनी कव्हराची चेन उघडली आणि पुन्हा बंद केली. मग माझ्याकडे बघून परत उघडली. नळ्यांवर तांबूस पापुद्रा धरला होता, पावसात राहिलेल्या सळईवर धरतो तसा. जिथे मी कुंकू लावलं होतं तिथे तो जास्त जाड होता.

आतल्या खोलीतून आबांनी विचारलं, "आली का?"

"आली," काका म्हणाले.

"आण हिकडं."

"डॉक्टरनं धूळ नको म्हटलंय न्हवं? आधी दुकानात दाखवतो, मग देतो."

"दुकानात कशापायी?"

"परवाना रिन्यू करायचाय. तपासून घ्यावी लागतीय."

हे अर्धं खरं होतं. "अमावाशेच्या आत आण," आबा म्हणाले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तेव्हा बरेच दिवस झाले होते. काळा चष्मा निघणार होता. या अमावास्येला ते दोन्ही डोळ्यांनी बंदूक बघणार होते.

पेठेत गाडी लावायला जागा मिळेना म्हणून काकांनी ती लांब लावली आणि कव्हर खांद्याला अडकवून आम्ही चालत निघालो. परवान्यावर आबांबरोबर काकांचंही नाव आहे, त्यामुळे बंदूक त्यांच्याच खांद्यावर हवी. दुकान एका पॅथॉलॉजी लॅब आणि स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या मध्ये होतं. मी दोन गल्ल्या सोडून राहत होते आणि त्या जाळीच्या दारासमोरून रोज जात होते. मला ते कुलपांचं दुकान वाटायचं. आत साठी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. सुती साडी, त्यावर निळा अ‍ॅप्रन, दोरीला बांधलेला चष्मा. दुकान सासऱ्यांचं, मग नवऱ्याचं, आणि नवऱ्यामागे गेली कित्येक वर्षं त्यांचं, हे मला नंतर कळलं.

गावात काका चावडी गाजवतात, पण पेठेत आले की त्यांचा आवाज बसतो. ते माझ्या कानाशी म्हणाले, "तू बोल. तुझं शुद्ध हाय."

"काका, परवाना तुमच्या नावावर आहे. तुम्ही बोला."

"दोघांचं ठरलं की सांगा," बाई आतून म्हणाल्या. "तोवर मी चहा पिते."

त्यांनी आधी परवाना पाहिला, दोन्ही बाजूंनी. मग बंदूक घेतली, उघडली, आणि दोन्ही नळ्यांत करंगळी घातली. आबांसारखीच. त्या क्षणी मला त्यांची भीती वाटायची थांबली, किंवा वेगळी भीती सुरू झाली.

"किती दिवस होती चौकीत?"

"दोन म्हयने झालं."

"या कव्हरात?"

"व्हय. नवंच हाय."

"रेक्झिन, आतून स्पंज. उत्तम. लोणचं घालायला याहून चांगली बरणी मिळणार नाही."

"अहो, पन त्यांनी तिथं नीट ठेवली न्हाय..."

"त्यांनी पावती दिली आणि बंदूक परत दिली. तेल लावून मांडीवर घेऊन बसावं अशी आपली अपेक्षा होती का?"

बाईंनी चष्मा चढवला आणि उजव्या नळीवर दिवा धरला. गंजाच्या पापुद्र्यात चार गडद पट्टे होते, एकमेकांशेजारी. "हा पंजा कोणाचा?"

काकांनी नकळत आपला हात पुढे केला. तो फारच मोठा होता.

"तुमचा नाही. लहान हात आहे. आणि घामट." त्या वर न बघता बोलत होत्या. "घाम म्हणजे मीठ. काहींच्या हाताला जास्त असतं. त्यात दोष काही नाही, पण पोलादाला ते कळतं."

मी दोन्ही हात ओढणीत घेतले. त्या डाव्या नळीत बघत होत्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मागच्या बाजूने गज घातला आणि हळूहळू पुढे ढकलला. नळीच्या तोंडातून कागदावर एक काळपट, गोळामोळा झालेली वस्तू पडली. सुकलेल्या खारकेएवढी. त्यांनी ती नाकाशी नेली.

"झेंडू," त्या म्हणाल्या.

"मी काढली व्हती की फुलं," काका म्हणाले. "दोनीबी वढून काढली."

"पाकळ्या काढल्यात. देठाकडचं बोंड आत राहिलं. दोन महिने ते तिथे कुजलं आणि कडेची नळी खाल्ली." त्यांनी ते बोंड कागदाच्या मधोमध ठेवलं. "आणि हे आत असताना कुणी काडतूस भरून उडवलं असतं, तर नळी फाटली असती. डावा हात नळीखालीच असतो. पूजा कोणी केली?"

मी तोंड उघडलं होतं, असं मला आठवतं. पण काका आधी बोलले.

"घरच्यांनी."

"घरचे," बाई म्हणाल्या आणि वहीत नोंद करायला लागल्या. "गंज निघाल्याशिवाय खड्डा किती खोल आहे ते सांगता येणार नाही. खोल असेल तर ही उडवण्यालायक नाही असं लिहून देईन. नसेल तर तसं. मधलं काही लिहीत नाही. अमावास्येच्या आदल्या दिवशी या."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "नापास झाली तर सरकारजमा करू आन मोकळं होऊ. आबांना म्या समजावतो. फुलाचं काय बोलू नगंस."

मी मान हलवली. काका मला वाचवत होते. आबांच्या हातातून त्यांची बंदूक जाणार असली तर त्याचं कारण त्यांना कळू नये, असा तो बेत होता. रस्त्यावर उभं राहून मी तो मान्य केला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लास सुटल्यावर मी जाळीच्या दारासमोरून तीनदा गेले. चौथ्या वेळी बाईंनीच दार उघडलं.

"काही विसरलंय का?"

"नाही. फुलं मी घातली होती."

"माहीत आहे."

"कसं?"

"काल तुझे काका माझ्याकडे बघत होते. तू त्या बोंडाकडे बघत होतीस." त्या परत टेबलाशी गेल्या. "बघायचं असेल तर बस. बोलायचं असेल तर काल बोलायला हवं होतं."

मी बसले. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा सोयीचं आमंत्रण कुणी दिलेलं मला आठवत नाही.

पुढचे दहा-अकरा दिवस मी रोज संध्याकाळी तासभर तिथे बसले. मला वाटलं होतं गंज म्हणजे सँडपेपर, घासाघीस, ठिणग्या. बाईंनी पहिले तीन दिवस काहीच केलं नाही. म्हणजे तेल लावून नळ्या बाजूला ठेवल्या. रोज त्यावर एक चिंधी फिरवायच्या, चिंधीचा रंग बघायच्या आणि पुन्हा तेल. "त्याला आत जाऊ दे," एवढंच म्हणाल्या. चौथ्या दिवशी त्यांनी खणातून तांब्याचा एक जुना पैसा काढला, कडा झिजून पातळ झालेला. गंजावर तेलाचा थेंब टाकून बाई त्या पैशाच्या कडेने खरवडायला लागल्या. अगदी हलक्या हाताने, लहान मुलाच्या अंगावरची खपली काढावी तसं.

मी विचारलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "तांबं गंजापेक्षा कठीण, पोलादापेक्षा मऊ. ते गंज काढतं आणि पोलादाशी आलं की स्वतः झिजतं."

तेल तपकिरी झालं. त्यांनी ते टिपलं. खाली बोटभर जागेत नळीचा मूळ रंग आला होता. मी बंदूक इतकी वर्षं काळी समजत होते. ती काळी नव्हती. पिकलेल्या जांभळाच्या सालीचा जो रंग असतो, ज्यात काळा संपून निळा कुठे सुरू होतो ते सांगता येत नाही, तसा तो होता. बाई एका बैठकीत साधारण तेवढंच काम करायच्या, बोटभर. मग हात धुऊन, कोरडे करून, चहा. पैशाची कडा आणि पोलाद यांच्यामध्ये काय चाललंय ते त्यांना दिसत नसणार, कारण त्या बऱ्याचदा डोळे मिटून काम करायच्या. आवाज बदलला की थांबायच्या. मलाही हळूहळू तो बदल ऐकू यायला लागला, गंजाचा खरखरीत आणि त्याखालचा गुळगुळीत. ते पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा अंगावर काटा आला. दोन महिन्यांत माझ्या एका पंजाने जे केलं होतं, ते एक म्हातारी बाई एका झिजक्या पैशाने, न चिडता, मागे नेत होती.

दुकानाच्या मागच्या भिंतीला कपाटं होती. लोकांनी ठेवायला दिलेल्या बंदुका त्यात उभ्या असायच्या, तोंडं खाली करून. "तोंड वर ठेवलं तर तेल खाली उतरतं आणि लाकडात मुरतं. लाकूड सडतं," बाई म्हणाल्या. प्रत्येक कपाटात तळाशी एक झिरोचा बल्ब रात्रंदिवस जळत असे. त्याच्या उबेने आत ओल धरत नाही. कातडी कव्हरं, स्पंज, वर्तमानपत्र, सगळं बाहेर. ती सगळी ओल ओढतात. आत फक्त सुती पिशव्या. पावसाळ्यात पेठेतल्या भिंती पाझरायच्या तेव्हाही त्या कपाटातली हवा कोरडी असायची म्हणे. मी एकदा दार किलकिलं असताना आत पाहिलं. अंधारात तो पिवळा बल्ब आणि माना खाली घालून उभ्या असलेल्या वीसेक बंदुका. या वस्तू कशासाठी बनवल्या आहेत हे मला माहीत आहे. तरी त्या वेळी मला तिथे चपला घालून उभं राहणं बरोबर वाटेना.

"तुम्ही कधी उडवलीत?" मी एक दिवस विचारलं.

"तपासायला. वाळूच्या पोत्यात."

"नेम धरून?"

"पोत्यावर कसला नेम?" त्या म्हणाल्या. मग नळी फिरवून घेत, "इथे येणाऱ्या माणसाने तिचं काय केलं ते मला नळी सांगते. मला तेवढं पुरतं."

मग मला आबांचं उपरणं आठवलं. मी त्यांना सांगितलं की आजोबा नळीला कधी हात लावत नाहीत, उपरण्याने धरतात. बाई पहिल्यांदाच काम थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "ते कुठे शिकले?" मला माहीत नव्हतं. "आणि तेल लावून पुसतात?" हो म्हटलं. "तिकडे बांधकामं असतील."

"चहूकडे."

"तेलाचा थर ठेवला तर सिमेंटची धूळ चिकटते. मग ते तेल राहत नाही, चिखल होतो. दिसणार नाही इतकंच तेल ठेवायचं." त्या पुन्हा पैसा चालवायला लागल्या. "तुझ्या आजोबांना कळतं."

मी खोलीवर परत जाताना तेवढंच एक वाक्य घेऊन चालले होते. वीस वर्षं मी ज्या माणसाला जाळीमागून बघितलं होतं, त्याची एकेक हालचाल मला आता उलगडत होती. रिकाम्या नळीत करंगळी. पुसलेलं तेल. उपरणं. उसाचं पाणी सुटल्यावर भिंती ओल धरणाऱ्या आमच्या घरात, इमारतींच्या धुळीत, हे सगळं ते कुणी न सांगता महिन्याच्या महिन्याला करत आले होते. आणि अलीकडची काही वर्षं तर मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी.

नळ्यांची आतली बाजू बाईंनी शेवटी घेतली. गजाला पितळी ब्रश, मग चिंध्या. पहिली चिंधी काळी, दुसरी तपकिरी, कितवी कोण जाणे पांढरी. मग त्यांनी नळी उचलून दाराकडे, उजेडाकडे धरली आणि माझ्या हातात सुती साडीचा एक मऊ तुकडा दिला. "यात धर. बघ."

आधी मी उजव्या नळीतून पाहिलं. आत उजेडाची वर्तुळं होती. एकात एक, एकात एक, लांब टोकापर्यंत, विहिरीत खडा टाकल्यावर उठतात तशी, पण थांबलेली. काही हलत नव्हतं. पलीकडच्या टोकाला लॅबची भिंत आणि एक स्कूटर नखाएवढी दिसत होती, आणि तीसुद्धा त्या वर्तुळांत फार महत्त्वाची वाटत होती. माणसाने लोखंडाला भोक पाडून त्याचा आतला भाग, जो कुणालाच दिसणार नाही, इतका नितळ केला होता. मी किती वेळ बघत होते मला माहीत नाही. बाई म्हणाल्या, "आता डावी."

डाव्या नळीतही तीच वर्तुळं. फक्त शेवटची दोन एका बाजूला तुटली होती. तिथे एक काळा ठिपका होता.

"मोहरीएवढा," बाई म्हणाल्या. "मोजलाय. वरवरचा आहे, नळी शाबूत आहे. चालेल असं लिहून देते." मग त्यांनी उजव्या नळीची बाहेरची बाजू माझ्यासमोर केली. चारातली तीन बोटं गेली होती. एका बोटाच्या टोकाचा पुसट करडा ठसा उरला होता. नीट पाहिलं तर त्यात रेषा दिसत होत्या. "हा घासला तर तिथला रंगही जाईल. तो रंग ज्यांनी दिला तसा देणारं मला कोणी माहीत नाही. राहू दे."

ठरल्याप्रमाणे काका आले, सही केली. पेठेतून बाहेर पडल्यावर ते एकदम मोकळे झाले. "वाचलो म्हण. आता कुनाला काय सांगायची गरजच न्हाय. त्यो ठिपका आबांना दिसतोय कशाला."

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. सकाळी आबांनी ओट्यावर पोतं अंथरलं. काळा चष्मा निघाला होता आणि त्यांचे डोळे मला ओळखीचे वाटेनात, इतके स्वच्छ होते. शेजारच्या इमारतीत काँक्रीट ओतणं चालू होतं. काकांनी बंदूक त्यांच्या हातात दिली आणि ते फोनच्या निमित्ताने फाटकापर्यंत गेले. मी या वेळी खिडकीमागे थांबले नाही. पोत्याच्या कडेला जाऊन बसले. आधी सांगायचं, त्यांनी बघायच्या आत, असं मी रात्रभर ठरवलं होतं. पण आबांनी ती मोडली, करंगळी घातली, उपरण्याचं टोक घेतलं आणि नळी आभाळाकडे धरली. मी अजून पहिलं वाक्यही बोलले नव्हते.

ते बघत राहिले. उजवी, मग डावी. डाव्या नळीपाशी ते इतका वेळ थांबले की मला काँक्रीटच्या मिक्सरचा आवाज ऐकू येईनासा झाला.

"आबा," मी म्हटलं, "डाव्या नळीत टोकाला खड्डा आहे. तो माझ्यामुळे झाला. खंडेनवमीला मी नळीत फुलं खोवली होती. आणि बाहेर जो डाग आहे तो माझ्या हाताचा आहे."

त्यांनी नळी खाली घेतली नाही.

"काकांनी न सांगायला सांगितलं होतं," मी म्हटलं, आणि लगेच मला ते म्हटल्याची लाज वाटली. "म्हणजे मलाही सांगायचं नव्हतं."

"खड्डा दिसला," आबा म्हणाले. "आधी त्योच दिसला. मंग बाकीचं बघत बसलो." त्यांनी एक डोळा मिटून दुसरा लावला, मग उलट केलं. "चार-पाच वर्सं झाली आसतील. आत नुसतं धुकं दिसायचं. चिंधी पांढरी आली की साफ झाली म्हनायचो. वाटायचं, नळीच गेली आपली." "ही गेली न्हवती. लई झाक हाय. बघ की."

"मी बघितलं."

"मंग सांगायचं न्हाय व्हय?"

काय सांगायचं, खड्डा की वर्तुळं, हे मी विचारलं नाही. त्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली आणि बाहेरचा डाग शोधला. तो त्यांना सापडायला वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी माझा हात मागितला. मी तो ओढणीला पुसला आणि पुढे केला. त्यांनी तो उलटा करून तळवा पाहिला, अंगठ्याने चोळून पाहिला.

"माज्यावर गेलीयास," ते म्हणाले आणि आपला तळवा माझ्या शेजारी धरला. तो ओला होता.

आबांनी उपरणं खांद्यावरून काढलं, त्याचं एक टोक स्वतःकडे ठेवलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

"फुलं पाटावर वाह्याची. कुंकू लाकडाला लावायचं, आन आरती झाली की लगीच पुसायचं. आता ती बाटली घे. थेंबच घे, वतू नगंस."

मी थेंब घेतला. फाटकापाशी काका फोन कानाला लावून उभे होते आणि काही बोलत नव्हते. उपरण्याच्या टोकातून मी डावी नळी धरली, चिंधीने तेल लावलं, आणि मग आबांच्या डोळ्यांसमोर, त्यांचं समाधान होईपर्यंत, ते पुसून काढत राहिले.